दोनशेवरचा काटा

"पण त्यानं हात लावला नाही, तर मग हवा जाते कुठं?"

रणजितराव सस्त्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

मठाच्या ओसरीवर भिंतीला टेकून केवळपुरी बुवा पायाचा अंगठा चोळत बसले होते.

मी बाजूला बेल निवडत होतो. किडकं पान टाकायचं, अखंड तीन पानांचं ठेवायचं. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो तेव्हा गोळ्या मोजायचो, आता टेकडीवर येऊन बेल निवडतो. असल्या कामात हात गुंततात, कान मोकळे राहतात. म्हणून त्या दिवशीचं सगळं मला ठाऊक आहे.

बुवांच्या पुढ्यात एक बंदूक होती.

बंदूक म्हणजे हवेची, छर्ऱ्याची. तिला परवाना लागत नाही, दारूही लागत नाही. नळीखाली हवेची एक लांबोडकी टाकी असते. ती हातपंपानं भरून ठेवायची. एकदा भरली की पंधरा-वीस छर्रे सुटतात. टाकीच्या टोकाला छोटी तबकडी, तबकडीत काटा. टाकी भरली की काटा दोनशेवर.

"या जातीतली ही पहिली पायरी," रणजितराव म्हणाले. "याहून भारीतल्या पुष्कळ येतात. पण शिकायला हीच बरी."

"कशाला घेतलीस?" बुवांनी विचारलं.

"डब्याला नेम धरायला."

"डब्यानं काय केलं तुझं?"

मला हसू आलं. रणजितरावांना आलं नाही. सिमेंटच्या ठोकळ्यांचा कारखाना चालवणारा माणूस, त्याला थट्टा जरा उशिरा पोचते.

"बुवा, थट्टेची वेळ नाही. माझ्या घरात माझ्याच डोळ्यांत धूळफेक चालली आहे."

"कवापासनं?"

"तीन आठवडे. रोज संध्याकाळी मी डब्यावर दहाएक छर्रे मारतो. मग पंप मारून काटा दोनशेवर आणतो. तिथल्या तिथं कपाटात ठेवतो, कुलूप घालतो. आणि सकाळी उघडून बघतो तर काटा एकशेऐंशीवर. रोज. वीस कोण खातं?"

"किल्ली कुनाकडं?"

"एक माझ्या कमरेला. दुसरी देवघरात, समईमागं."

"देवघरात कोन जातं?"

रणजितरावांनी कमरेची किल्ली चाचपली.

"पूजा भानुदास करतो," ते म्हणाले.

भानुदास त्यांचा धाकटा भाऊ. दोघं एकाच घरात, एकाच चुलीवर. रणजितरावांच्या तोंडून नाव निघालं तेव्हा तो ओसरीपासून पन्नास पावलांवर, विहिरीच्या काठावर उभा होता. सकाळी नाहून तो ओलेत्यानं थांबला होता, कारण ओलेत्यानं थांबायचं असतं.

तो भंडार उचलायला आला होता.

आमच्या मठात ही चाल आहे. एखाद्यावर आळ आला आणि पुरावा मिळेना, तर त्यानं अंघोळ करून, उपाशी पोटी, ओल्या अंगानं देवापुढं यायचं. तळहातावर बेल आणि हळदीचा भंडार घ्यायचा आणि म्हणायचं, मी हे केलेलं नाही. उचलला की विषय संपला. मग कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

पण सख्ख्या भावाला उचलायला लावला तर आणखी एक गोष्ट संपते. तो खरा ठरो की खोटा, ते दोघं पुन्हा एका चुलीवर राहत नाहीत. वाटणी होते. हे कुठं लिहिलेलं नाही, पण मोडलेलंही कुणी पाहिलेलं नाही. म्हणून बुवा भावाभावांत भंडार सहसा देत नाहीत. तीस वर्षांत दोनदा दिला, आणि दोन्ही घरांत आज मधे भिंत आहे.

रणजितरावांना हे सगळं माहीत होतं. तरी ते भावाला जीपमधे घालून घेऊन आले होते.

"त्याचाच संशय का?" बुवा म्हणाले. "घरात बाकीची मानसं हायती की."

"बाकीच्यांना नेम येत नाही."

"आन् त्याला येतो?"

बंदुकीच्या दस्त्यावरून रणजितरावांनी उगाच बोट फिरवलं.

"लहानपणी जत्रेत फुग्यांच्या दुकानावर..." ते म्हणाले. "मी बारा मारले, चार फुटले. त्यानं बारा मारले..."

"बारा फुटले."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या तोंडावर लिव्हलंय."

रणजितराव पुढं बोलत राहिले. बंदूक आणली त्या दिवशी भानुदासनं ती हातात घेतली होती, उलटसुलट पाहिली होती. एकदा मारू दे, दादा, म्हणाला होता. रणजितराव नको म्हणाले. महागाची वस्तू, बिघडेल, म्हणाले.

"तेव्हापासून त्याच्या मनात आहे," रणजितराव म्हणाले.

"त्याच्या?"

"मग कुणाच्या?"

बुवांनी दुसरा अंगठा चोळायला घेतला.

"तू धरायला काय केलंस ते सांग," ते म्हणाले.

इथं रणजितराव खुलले. केलेली शिकार माणूस सांगतो तसं सांगू लागले. कपाटाच्या दाराला केस चिकटवून पाहिला. सकाळी केस जागच्या जागी.

"मंग?"

"त्यानं पुन्हा चिकटवला असणार. हात हलका आहे त्याचा."

कपाटापुढं रांगोळीची पूड भुरभुरवली. सकाळी पाऊल उमटलेलं नाही.

"मंग?"

"लांबून ओणवा झाला असेल. उंच आहे."

छर्ऱ्याचा डबा मोजून ठेवला. एकही कमी नाही.

"मंग?"

"छर्रे तो स्वतःचे आणतो, बुवा. एवढं कळत नाही का? एवढ्या बेमालूम रीतीनं चाललंय, त्यावरूनच ओळखा."

खरं सांगतो, त्या वेळी मला यात काही वावगं वाटलं नाही. पुरावा मिळाला नाही म्हणजे चोर हुशार, हे मलाही पटत होतं. गावात ही कुजबूज दोन आठवडे चालू होती आणि तिच्यात माझाही हात होता.

"कंपाउंडरनी पाहिलंय त्याला," रणजितराव एकदम म्हणाले. "विचारा."

बुवांनी माझ्याकडं मान वळवली.

"काय बघितलंस, डाक्टर?" मला ते डाक्टर म्हणतात. गमतीनं म्हणतात, पण ऐकायला बरं वाटतं.

"भानुदासला," मी म्हणालो. "ओढ्याकडं जाताना. घोंगड्याखाली काहीतरी लांब होतं."

"काय हुतं?"

"लांब होतं."

"ते कळलं. वस्तू कंची?"

"ते... दिसलं नाही."

"म्हंजे लांबी बघितलीस. वस्तू न्हाय बघितली."

मी मान खाली घालून बेल निवडू लागलो. हीच लांबी मी गावात तीन जणांना सांगितली होती. तिसऱ्याला सांगेपर्यंत तिला बंदुकीचा दस्ता फुटला होता. मला माझीच लाज वाटली.

लाज वाटली, तरी एक संशय मनात होताच आणि तोही सांगून टाकतो. ओसरीवरचं पत्र्याचं छप्पर रणजितरावांनी स्वखर्चानं घातलेलं. बुवा त्या छपराखाली बसून रणजितरावांना नाही कसं म्हणणार? भंडार आज उचलला जाणार, असं मी धरूनच चाललो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, आणि इथं तर संन्याशालाच फाशीची दोरी ओढायला बसवलं होतं.

बुवांनी खाली विहिरीकडं पाहिलं. भानुदास तसाच उभा होता. पौषातलं वारं, ओलं अंग. त्यानं हात काखेत धरले होते.

"बुवा, ऊन चढायच्या आत उरकून घेऊ," रणजितराव म्हणाले. "भंडार काढा."

"काढतो. आदुगर ही भर."

"काय?"

"बंदूक. भर."

"आता? इथं?"

"घरी भरतोस तशी. काटा दोनशेवर आन."

रणजितरावांनी जीपमधून पंप आणला. सायकलच्या पंपासारखाच, पण जाडजूड. खाली पावलं रोवायला पट्टी, वर दोन्ही हातांची मूठ. त्यांनी रोजच्यासारखे दहाएक बार, पण छर्ऱ्याविना, हवेत सोडून काटा खाली आणला, बंदुकीला नळी जोडली, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि सुरुवात केली.

पहिले तीस-चाळीस हात सहज गेले. मग पंप जड होत गेला. शेवटी शेवटी रणजितराव मुठीवर पोट टेकून अख्खं वजन टाकत होते. मूठ खाली जायची, वर यायची. कपाळावरचा घाम नाकावरून गळत होता. पण थांबले नाहीत. बघणारं कुणी असलं की रणजितराव थांबत नाहीत.

"रोज असंच भरतोस? दम न खाता?"

"एका दमात," रणजितराव धापा टाकत म्हणाले. "काटा... दोनशेवर आला की... लगेच कपाटात."

काटा दोनशेवर आला. त्यांनी नळी काढली आणि बंदूक बुवांपुढं धरली.

"छर्रा न्हाय ना आत?"

"नाही."

बुवांनी टाकीवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"तापलंय," ते म्हणाले.

"पंप मारला की तापतंच ते."

"आता कपाटात ठेव."

"इथं कपाट कुठं आहे?"

बुवांनी आपल्या बसायच्या घोंगडीची घडी मोकळी केली आणि बंदूक त्या घोंगडीवर आडवी ठेवली. तबकडी वर, तिघांनाही दिसेल अशी.

"हे कपाट. राखणीला तू, मी आन् डाक्टर. भानुदास तकडं हिरीवर."

"आणि आता काय करायचं?"

"काय न्हाय करायचं."

...

आम्ही बसलो.

काही न करता बसणं रणजितरावांना जमत नव्हतं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बुवांकडं पाहिलं, परत ठेवला. घड्याळ पाहिलं. विहिरीकडं पाहिलं. भानुदास जागचा हलला नव्हता, हे त्यांनी दोनदा पाहिलं.

मग त्यांनी काट्याकडं पाहिलं.

"हलला," ते म्हणाले.

मी बेल निवडत राहिलो.

"बुवा, काटा हलला. एकशेपंचाण्णव."

"हं."

रणजितरावांनी आधी माझ्याकडं पाहिलं. माझ्या मांडीवर बेल होता, दोन्ही हातांत बेल होता. मग त्यांची नजर बुवांच्या हातांवर गेली आणि तिथंच राहिली.

"तुम्ही हात लावला होता," ते हळू आवाजात म्हणाले. "मघाशी. टाकीला."

मला राग आला. ऐंशीच्या घरातला माणूस, आयुष्यात कुणाची काडी उचलली नाही, आणि याची नजर त्याच्या बोटांवर. मी काहीतरी बोलणार होतो.

बुवांनी मला बोलू दिलं नाही. त्यांनी अंगाला एक हेलकावा दिला, दोन्ही तळहात मांड्यांखाली सारले आणि स्वतःच्या हातांवर बसले.

"आता?" त्यांनी विचारलं.

...

काटा एकशेनव्वदवर आला.

बुवा हातांवर बसले होते. मनगटांच्या शिरा फुगल्या होत्या. दुखत असणार, पण त्यांनी हात काढले नाहीत.

"गळतेय," रणजितराव म्हणाले. "बंदूकच गळकी आहे. त्या दुकानदारानं मला फसवलं. तेव्हाच मला तो माणूस बरोबर वाटला नव्हता, नजरेला नजर देत नव्हता."

"आनखी बस," बुवा म्हणाले.

एकशेसत्त्याऐंशी. मग एकशेपंच्याऐंशी.

तिथं काटा थांबला.

आम्ही बसूनच राहिलो. उन्हाची तिरीप ओसरीच्या पहिल्या फरशीवरून दुसरीवर गेली. काटा एकशेपंच्याऐंशीवरच होता. गळकी असती तर उतरत राहिली असती, एवढं मलाही कळलं.

"हात लावून बघ," बुवा म्हणाले.

रणजितरावांनी टाकीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गार आहे," ते म्हणाले.

मग त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटलं. मी पाहत होतो.

"गरम हवा फुगलेली असते," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "ती निवली की बसते. मी रोज गरम असतानाच काटा बघायचो. गरम असतानाच कुलूप घालायचो. रात्रभर निवायची... आणि थंडीच्या दिवसांत आणखी पाच उतरायचे... म्हणजे कुणी वापरलीच नव्हती."

बुवांनी मांड्यांखालून हात काढले आणि एकमेकांवर चोळले.

रणजितराव हसू लागले. कसं हसावं ते सुटलेल्या माणसालाच कळतं. तीन आठवड्यांचं ओझं उतरलं होतं. घर वाचलं होतं, चूल वाचली होती. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी ओसरीच्या कडेला उभं राहून हाक दिली.

"भानुदास, वर ये."

भानुदास वर आला. त्याच्या अंगावरचं धोतर अंगावरच वाळत आलं होतं. ओठ निळसर पडले होते. देवापुढं जायचं म्हणून त्यानं दोन्ही तळहात पुसून पुढं धरले होते.

"भंडार उचलायचा नाही," रणजितराव म्हणाले. "हात खाली घे. चल घरी. तू खरा ठरलास."

भानुदासचे हात तसेच राहिले.

"कुणी ठरवलं, दादा?"

"काट्यानं. ये, हे बघ. इथं दोनशे होता, आम्ही तिघं समोर बसलो होतो, कुणी हात लावला नाही, आणि आपोआप एवढा उतरला. हवा निवते रे. तुझा काही दोष नाही. आता माझी खात्री पटली."

भानुदासनं बंदुकीकडं पाहिलं नाही. तो भावाकडं पाहत राहिला. मग त्यानं हात खाली घेतले.

खुंटीवरचा सदरा काढून त्यानं अंगात घातला. सगळी बटणं लावली, गळ्याचंसुद्धा. बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"थांब, जीप काढतो," रणजितराव म्हणाले.

"मी चालत जातो, दादा."

"पाच मैल आहे. उपाशी आहेस."

"असू दे."

तो पायऱ्या उतरून गेला. टेकडीखाली वाट फुटते, एक घराकडं जाते आणि एक एसटीच्या थांब्याकडं. तो कुठल्या वाटेला लागला ते बाभळींमुळं वरून दिसलं नाही.

रणजितराव ओसरीच्या कडेला उभे राहून वाकून पाहत होते. मग परत येऊन बसले. तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, पण त्याला आता आधार नव्हता.

"बघितलंत?" ते म्हणाले. "आता रुसायला काय झालं? मी मान्य केलं ना, तो खरा आहे म्हणून?"

बुवा घोंगडीची घडी घालत होते.

"भानुदास किती दिस सांगत हुता?" त्यांनी विचारलं. "म्या हात लावला न्हाय म्हनून?"

"तीन आठवडे. रोज."

"आन् काट्यानं किती येळ सांगितलं?"

रणजितरावांनी घड्याळ पाहिलं.

"तासभर..." ते म्हणाले. "तासही नाही."

बुवांनी बंदूक उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"काटा तुझा कोन लागतो, रणजित?"